मेनू रुसला म्हणून विंडोज मारू नका

खापा हे सावनेर तालुक्यातलं, कन्हान नदीकाठचं नगर परिषदेचं गाव. विणकरांच्या हातमागांसाठी आणि जवळच्या गुमगावच्या मँगनीज खाणीसाठी जुन्या काळापासून ओळखलं जाणारं. अशा गावात डेस्कटॉप कॉम्प्युटर शोभेला ठेवलेला नसतो. सेवा केंद्रात त्यावर उत्पन्नाचे दाखले निघतात, शाळेच्या कार्यालयात हजेरी चढते, डीटीपीच्या दुकानात लग्नपत्रिका जुळतात. जूनमध्ये प्रवेशाची गर्दी दारात उभी असताना चालकानं स्टार्टचं बटण दाबावं आणि काहीच उघडू नये, हा अनुभव यातल्या कुणालाही नवा नाही. "भाऊ, मेनूच येऊन नाही राहिला," असं तो म्हणेपर्यंत रांगेतून तीन सल्ले आलेले असतात: व्हायरस असंल, रॅम टाक, विंडोज मार (म्हणजे नव्यानं टाक).

तिन्ही सल्ले बहुतेक वेळा चुकीचे असतात. त्यांची किंमत मात्र खरी असते. सीपीयू उचलून नागपूरला न्यायचा, दिवस मोडायचा, पैसे मोजायचे आणि परत आल्यावर अर्धी कामं नव्यानं जुळवायची. म्हणून मेनूबद्दलचे नेहमीचे गैरसमज एकेक करून तपासू.

गैरसमज 1 : मेनू उघडत नाही, म्हणजे व्हायरस शिरला.

वस्तुस्थिती : स्टार्ट मेनू हा विंडोजचा गाभा नाही, वरचा एक छोटा प्रोग्रॅम आहे. 2019 च्या मे महिन्यात आलेल्या विंडोज 10 च्या 1903 या आवृत्तीपासून तर तो स्वतंत्र प्रक्रिया म्हणूनच चालतो. तो एकटा अडकू शकतो आणि बाकीचं सगळं सुरळीत चालू राहतं. ब्राउझर उघडा आहे, छपाई होते आहे, फक्त मेनू येत नाही, असं असेल तर व्हायरसपेक्षा हीच शक्यता मोठी.

उपाय मिनिटभराचा आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या यादीत 'विंडोज एक्सप्लोरर' शोधायचं, त्यावर राइट क्लिक करून 'रीस्टार्ट' म्हणायचं. खालची पट्टी क्षणभर नाहीशी होऊन परत येते आणि बऱ्याचदा मेनूही परत येतो. उघड्या फाइली यात बंद होत नाहीत.

2 सप्टेंबर 2021 रोजी विंडोज 11 ची चाचणी आवृत्ती वापरणाऱ्या अनेकांचा टास्कबार आणि स्टार्ट मेनू एकाएकी ठप्प झाला. त्यात व्हायरस नव्हता आणि यंत्रही बिघडलं नव्हतं. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सर्व्हरवरून उतरलेल्या एका छोट्या संदेशानं ती पडझड केली होती. रजिस्ट्रीतली एक नोंद पुसून कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला की सगळं ठीक होत होतं.

खऱ्या व्हायरसची लक्षणं वेगळी असतात. टास्क मॅनेजरच उघडू दिला जात नाही, विंडोजचं संरक्षण आपोआप बंद पडतं, फाइलींच्या नावापुढे अनोळखी शेपट्या लागतात. असं काही दिसलं तर इंटरनेटची वायर काढा आणि मग जाणकाराला बोलवा.

गैरसमज 2 : बंद करून चालू केला तरी फरक पडला नाही, म्हणजे बिघाड मोठा आहे.

वस्तुस्थिती : 'शटडाउन' आणि 'रीस्टार्ट' एकच काम करत नाहीत. 2012 मध्ये विंडोज 8 आलं तेव्हापासून त्यात 'फास्ट स्टार्टअप' ही सोय आहे आणि ती बहुतेक यंत्रांवर चालूच असते. शटडाउन केलं की वापरकर्त्याचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. म्हणजे ड्रायव्हरमध्ये अडकलेली गोष्ट रात्रभराच्या विश्रांतीनंतरही तशीच अडकलेली राहू शकते. रीस्टार्ट केलं की मात्र सगळं पहिल्यापासून उभं राहतं.

मेनू येत नसताना रीस्टार्ट कसं करायचं? कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट दाबा. उजव्या खालच्या कोपऱ्यात पॉवरचं चिन्ह दिसतं. किंवा स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करा. तिथे उघडणारी साधी यादी मुख्य मेनूपेक्षा वेगळी असते आणि तो रुसला तरी ती बहुधा चालते.

सीपीयूचं बटण दाबून धरणं किंवा थेट बोर्डाचं बटण पाडणं हा मात्र रीस्टार्ट नव्हे. उन्हाळ्यात वावटळ उठली की लाईट जाते, यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली असते आणि विंडोज काहीतरी लिहीत असतानाच यंत्र बंद पडतं. अर्धवट लिहिली गेलेली फाइल हे मेनू बिघडण्याचं एक खरं कारण आहे. नवी रॅम घेण्याआधी यूपीएसची बॅटरी बदलणं जास्त शहाणपणाचं.

गैरसमज 3 : डेस्कटॉपवर राइट क्लिक करून चारपाचदा रिफ्रेश मारलं की कॉम्प्युटर मोकळा होतो.

वस्तुस्थिती : रिफ्रेशमुळे डेस्कटॉपवरची चिन्हं पुन्हा रेखाटली जातात, एवढंच. मेमरी रिकामी होत नाही, वेग वाढत नाही आणि अडकलेला मेनू सुटत नाही. सवय निरुपद्रवी आहे, पण तिला उपाय समजू नका.

गैरसमज 4 : मेनू अर्धाच दिसतो किंवा पडद्याबाहेर जातो, म्हणजे मॉनिटर गेला किंवा रॅम कमी पडते.

वस्तुस्थिती : मॉनिटर खरोखर बिघडला तर बिघाड सगळ्या पडद्यावर दिसतो, एकट्या मेनूत नाही. मेनू कापला जाण्याची कारणं साधी असतात.

पहिलं कारण, ग्राफिक्सचा ड्रायव्हर. विंडोज नव्यानं टाकल्यावर किंवा अपडेट फसल्यावर 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अॅडॉप्टर' हा कामचलाऊ ड्रायव्हर बसतो. चित्र दिसतं, पण रिझोल्यूशन कमी राहतं, अक्षरं फुगतात आणि खिडक्यांची खालची 'ओके'ची बटणं पडद्याखाली जातात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये हे नाव दिसलं की आजार कळला. मदरबोर्डच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून योग्य ड्रायव्हर घ्यायचा. ड्रायव्हर बरोबर असून नुसता अडकला असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणं एकदम दाबा. पडदा क्षणभर लुकलुकतो आणि ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो.

दुसरं कारण, स्केलिंग. चष्मा विसरलेल्या कुणीतरी अक्षरं मोठी करण्यासाठी 150 किंवा 175 टक्के निवडलेलं असतं. लहान पडद्यावर मग मेनूला जागाच उरत नाही. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये शिफारस केलेला आकडा परत निवडला की झालं.

तिसरं कारण शाळांमध्ये हमखास सापडतं. प्रोजेक्टर लावताना पडदा 'एक्स्टेंड' केलेला असतो. प्रोजेक्टर बंद असला तरी त्याची वायर जोडलेली राहिली, तर कॉम्प्युटरच्या लेखी दुसरा पडदा अजून तिथेच असू शकतो. मग खिडक्या आणि मेनू त्या न दिसणाऱ्या पडद्यावर उघडत बसतात. विंडोज आणि पी दाबून 'पीसी स्क्रीन ओन्ली' निवडा.

जुन्या टीव्हीचा मॉनिटर केला असेल तर चारही कडा कापल्या जातात, त्यामुळे खालची पट्टीच गायब होते. तिथे दुरुस्ती कॉम्प्युटरमध्ये करायची नसून टीव्हीच्या रिमोटवर, चित्राच्या आकाराच्या सेटिंगमध्ये करायची असते.

आणि मेनू बटणाच्या उजवीकडे उघडायचा तो डावीकडे उघडत असेल, तर तो बिघाडच नाही. टच किंवा पेनसाठीच्या सेटिंगमध्ये 'उजव्या हाताचा वापर' निवडलेला असतो, आणि हाताआड मेनू झाकला जाऊ नये म्हणून विंडोज तो डावीकडे उघडतं.

गैरसमज 5 : मेनूतून नाव गेलं, म्हणजे प्रोग्रॅम उडाला.

वस्तुस्थिती : मेनूतली नावं म्हणजे शॉर्टकट, प्रोग्रॅम वेगळ्या फोल्डरात असतो. दुकानाची पाटी पडली म्हणून आतला माल जात नाही. 13 जानेवारी 2023 रोजी हे जगभरच्या कार्यालयांनी अनुभवलं. मायक्रोसॉफ्ट डिफेंडरच्या एका सदोष अपडेटनं, विशिष्ट सुरक्षा नियम चालू असलेल्या कॉम्प्युटरांवरचे स्टार्ट मेनूतले आणि टास्कबारवरचे शॉर्टकट धोकादायक समजून पुसून टाकले. वर्ड, एक्सेल, ब्राउझर सगळं जागेवर होतं. फक्त तिथे जायची वाट पुसली होती.

म्हणून नाव दिसलं नाही की लगेच सॉफ्टवेअर पुन्हा टाकू नका. सी ड्राइव्हमधल्या 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये पाहा. प्रोग्रॅम सापडला तर त्याचा शॉर्टकट नव्यानं करता येतो. विंडोज 11 मध्ये राइट क्लिक केल्यावर जुने पर्याय दिसत नाहीत, ही तक्रारही याच जातीची. ते गेलेले नाहीत, 'शो मोअर ऑप्शन्स'च्या मागे आहेत. शिफ्ट आणि एफ10 दाबलं की पूर्ण यादी उघडते.

गैरसमज 6 : मराठी नीट दिसत नाही ना? एक मराठी फॉन्ट टाका, झालं.

वस्तुस्थिती : मराठी बिघडण्याचे निदान चार प्रकार आहेत, आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. काय दिसतं आहे ते आधी नीट पाहायचं.

नुसते रिकामे चौकोन दिसत असतील तर मजकूर शाबूत आहे, पण निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरं नाहीत. इथे फॉन्ट टाकणं हा खरा उपाय. विंडोज 8 पासून देवनागरीसाठी 'निर्मला यूआय' हा फॉन्ट सोबतच येतो. पूर्वी सगळीकडे असणारा 'मंगल' विंडोज 10 पासून ऐच्छिक झाला. कोकिळा, उत्साह, अपराजिता यांच्यासह तो 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' या नावानं सेटिंगमधून फुकट उतरवता येतो.

प्रश्नचिन्हं दिसत असतील तर प्रकरण गंभीर आहे. युनिकोड न समजणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमनं मराठी अक्षरांच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्ह ठेवलेलं असतं. फोल्डरचं नाव 'पत्रिका' असेल आणि जुन्या प्रोग्रॅमच्या फाइल मेनूत ते सात प्रश्नचिन्हं होऊन आलं, तर त्यातली फाइल तिथून उघडणारही नाही. कितीही फॉन्ट टाका, उपयोग नाही. त्या प्रोग्रॅमसाठीच्या फोल्डरांची नावं इंग्रजी अक्षरांत ठेवायची, एवढाच व्यवहारी मार्ग.

वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला, पाय मोडलेली जोडाक्षरं, मध्येच ठिपक्यांचं वर्तुळ, असं दिसलं तर फॉन्ट बरोबर आहे पण प्रोग्रॅमला जुळणी जमत नाही. 'कि' हे अक्षर साठवताना आधी क आणि मग वेलांटी असा क्रम असतो; दाखवताना वेलांटी डावीकडे नेणं हे प्रोग्रॅमचं काम. ते न येणारी जुनी आवृत्ती बदलावी लागते.

चौथा प्रकार जुन्या फॉन्टांचा, आणि डीटीपीवाल्यांच्या रोजच्या ओळखीचा. कृतिदेवसारखे फॉन्ट युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचे. ते इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवतात. कृतिदेवमध्ये 'महारा' एवढं टाइप केलं, तर कॉम्प्युटरमध्ये प्रत्यक्षात ई, जी, के, जे, के ही इंग्रजी अक्षरं साठतात. फॉन्ट काढला की तीच बाहेर येतात. उलटही घडतं. कुणीतरी ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नेहमीचा फॉन्ट म्हणून कृतिदेव निवडून ठेवला, की इंग्रजी संकेतस्थळांवर देवनागरीतला निरर्थक मजकूर दिसू लागतो. एम, ई, एन, यू ही चार अक्षरं तिथे 'उमदन' अशी दिसतात. पाहणारा घाबरतो, पण ब्राउझरचा फॉन्ट मूळपदावर आणला की एका क्षणात निस्तरतं.

एक इशारा. यूट्यूबवरचे काही व्हिडिओ प्रादेशिक सेटिंगमधला 'युनिकोड यूटीएफ-8'चा बीटा पर्याय चालू करायला सांगतात. त्यानं काही प्रोग्रॅम सुधारतात, पण जुनी हिशोबाची आणि डीटीपीची सॉफ्टवेअर अगम्य चिन्हं दाखवू शकतात. तो पर्याय चालू केल्यावर मेनू बिघडले असतील, तर आधी तो बंद करून रीस्टार्ट करा.

गैरसमज 7 : विंडोज मराठीत केलं की कॉम्प्युटर बिघडतो.

वस्तुस्थिती : मराठी भाषेचा पॅक मायक्रोसॉफ्टच देतं. तो इंग्रजीच्या वर बसतो. मेनूंची आणि सेटिंगची नावं बदलतात, फाइलींना धक्का लागत नाही. ज्या नावांचं भाषांतर झालेलं नाही ती इंग्रजीत राहतात, म्हणून मेनू सरमिसळ दिसतो. काही खिडक्यांत मराठी शब्द लांब पडून शेपटाशी कापला जातो. हे दिसायला खटकतं, पण तो बिघाड नाही. अडचण एकच येते. फोनवरून मदत करणारा माणूस इंग्रजी नावं सांगतो आणि समोर मराठी मेनू असतो. ते टाळायचं तर भाषा कधीही परत बदलता येते.

गैरसमज 8 : क्लीनर नाहीतर ड्रायव्हर टाकणारं फुकट सॉफ्टवेअर चालवा, सगळं साफ होईल.

वस्तुस्थिती : रजिस्ट्री साफ करणाऱ्या साधनांना मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही, त्यांमुळे नुकसान झालं तर विंडोज पुन्हा टाकावं लागू शकतं, असं कंपनीचं धोरण सांगतं. चुकीची नोंद पुसली गेली तर आधी फक्त मेनू येत नव्हता, आता बाकीचंही येईनासं होतं. पडद्यावर अचानक उगवलेल्या 'तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, या क्रमांकावर फोन करा' अशा सूचनेला तर कधीच फोन लावू नका. ती दुरुस्ती नाही, फसवणूक आहे.

गैरसमज 9 : विंडोज 10 ची मुदत संपली, म्हणून मेनू बंद पाडला.

वस्तुस्थिती : 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नेहमीचा पाठिंबा संपला हे खरं. पण त्यानं मेनू किंवा प्रोग्रॅम बंद होत नाहीत. सुरक्षेचे अपडेट थांबतात. घरगुती वापरकर्त्यांसाठी वाढीव सुरक्षा योजना 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत आहे. लोकांचे आधार क्रमांक आणि बँकेची कामं ज्या यंत्रावर होतात, त्यावर हे अपडेट टाळणं परवडणारं नाही. मेनू चालतो म्हणजे यंत्र सुरक्षित आहे, हाही एक गैरसमजच.

गैरसमज 10 : शेवटी विंडोज मारल्याशिवाय गत्यंतर नाही.

वस्तुस्थिती : आधी बऱ्याच पायऱ्या आहेत. एक्सप्लोरर रीस्टार्ट, मग पूर्ण रीस्टार्ट. तरी येत नसेल तर विंडोज आणि आय दाबून सेटिंग उघडा आणि एक नवीन यूजर अकाउंट तयार करून त्यात शिरा. तिथे मेनू नीट चालला तर विंडोज ठणठणीत आहे, बिघाड फक्त जुन्या अकाउंटचा आहे. फाइली नव्या अकाउंटमध्ये न्यायच्या आणि कामाला लागायचं.

नव्या अकाउंटमध्येही तेच झालं तर विंडोजच्या मूळ फाइली तपासायच्या. त्यासाठी 'डिस्म' आणि 'सिस्टिम फाइल चेकर' ही दोन साधनं विंडोजमध्येच असतात. आधी डिस्म चालवायचं, कारण दुरुस्तीचा साठा ते नीट करतं, आणि त्यासाठी इंटरनेट लागतं, मग चेकर. नुकतंच अपडेट आलं असेल तर ते काढून पाहायचं. यानंतरही यश आलं नाही तर 'रिसेट धिस पीसी'मध्ये 'कीप माय फाइल्स' आहे. त्यात टाकलेली सॉफ्टवेअर जातात, स्वतःच्या फाइली राहतात.

फॉरमॅट या सगळ्यानंतर. त्याचा फटका कुठे बसतो ते पाहा. बहुतेकांच्या फाइली डेस्कटॉपवर ठेवलेल्या असतात, आणि डेस्कटॉप हा सी ड्राइव्हचाच भाग. "डी ड्राइव्हला हात लावला नाही," असं सांगितलं जातं तेव्हा डेस्कटॉपवरचे ग्राहकांचे फोटो आणि पत्रिकांचे नमुने गेलेले असतात. शिवाय अंगठ्याच्या यंत्राची आरडी सर्व्हिस, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, प्रिंटर, ब्राउझरमधले पासवर्ड आणि वर्षानुवर्षं जमवलेले फॉन्ट हे सगळं पुन्हा बसवावं लागतं. मेनूसाठी एवढी किंमत द्यायची का, हे मालकानं ठरवायचं असतं, दुरुस्ती करणाऱ्यानं नाही.

तेव्हा मेनू बिघडला की आधी मोबाईलनं पडद्याचा फोटो काढा आणि तीन गोष्टी कागदावर लिहा : नेमकं काय दिसतं, कधीपासून, आणि त्याआधी काय नवीन टाकलं होतं. एवढी माहिती दिली तर चांगला कारागीर फोनवरूनही रस्ता सांगू शकतो. आणि कुणी आल्याआल्या पेनड्राइव्ह काढून "विंडोज मारून देतो" म्हणाला, तर त्याला दोनच प्रश्न विचारा : नवीन अकाउंट करून पाहिलं का? डेस्कटॉपवरच्या फाइलींचा बॅकअप घेतला का? दोन्हींची उत्तरं 'हो' येईपर्यंत कीबोर्ड त्याच्या हाती देऊ नका.